फाटक कोणाचं

कोर्टात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. नावाने हाक मारायची वेळ कोणावर येत नसे, कारण तिच्याशी बोलायचं कोणालाच नसायचं. सगळे तिच्यासमोर बोलत. साक्षीदार अडखळत बोलत, वकील तावातावाने बोलत, न्यायाधीश मधूनच चष्मा काढून दोन शब्द सुनावत, आणि ही मान खाली घालून ते सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई. अर्धं आयुष्य असंच गेलं. त्या खोलीत छताचा पंखासुद्धा बायकोपेक्षा जास्त बोलतो, असं तिचा नवरा म्हणे. घरी ती त्याची पुरेपूर भरपाई करते, हेही वर जोडायला तो विसरत नसे.

अशा बाईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करायला घेतलं, तेव्हा कोर्टातल्या हेडक्लार्कला चहाचा ठसका लागला. "बाई, इथे घरमालक-भाडेकरूंचं भांडण आपल्याच्याने मिटत नाही. तुम्ही देशादेशांची मिटवणार?" ती हसली आणि रजेचा अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला. कायद्याची साधी पदवी तिने नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना बसून मिळवली होतीच. पण पुढे जाऊन नेमका हाच विषय का, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

लेखी पेपर तिने व्यवस्थित सोडवले. गाडी अडली ती तोंडी परीक्षेत. या अभ्यासक्रमात शेवटी एक अभिरूप न्यायालय भरतं. खोटा खटला, खोटे देश, पण प्रश्न विचारणारे खरेखुरे निवृत्त न्यायाधीश. दोघादोघांच्या जोड्या, अंगात काळे कोट. गेल्या वर्षी ती अशीच बोलायला उभी राहिली, आणि न्यायासनावरून पहिला प्रश्न आला. स्टेनोबाईंनी काय करावं? तो प्रश्न लिहून घेतला! अगदी सुबक, एकही शब्द न गाळता. मग पेन्सिल टेकवली आणि उत्तर कोण देतंय याची वाट बघत शांतपणे उभ्या राहिल्या.

सभागृहात आधी खुसखुस झाली आणि मग हशा पिकला. आपलीच वाट बघताहेत हे लक्षात आल्यावर तिची जी दातखीळ बसली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. नापासाचा शिक्का बसला. आता ही दुसरी आणि अखेरची संधी होती. अभ्यासक्रमाची मुदत संपत आलेली. यंदाही तोंड उघडलं नाही, तर पदवी विसरायची आणि परत जाऊन त्याच खुर्चीत मान खाली घालून बसायचं.

यंदा तिच्या जोडीला एक मुलगी आली होती. मुलगी कसली, तुफानच ते. वर्गात तिला त्याच नावाने ओळखत. एका श्वासात तीन मुद्दे मांडायची आणि चौथ्यासाठी श्वास घ्यायचीच नाही. हुशार होती आणि भुकेलीही होती. इथे जिंकणारी जोडी देशपातळीवरच्या स्पर्धेला जाणार होती, आणि तुफानचं सगळं लक्ष तिकडे लागलेलं. पहिल्याच दिवशी तिने हात पुढे केला.

"ताई, पेन्सिल द्या."

"अगं, पण मला हातात काहीतरी लागतं."

"म्हणूनच द्या. परीक्षा संपेपर्यंत जप्त."

तिने मुकाट्याने दिली. सरावात तुफान प्रश्नांचा भडिमार करी आणि ताई रिकाम्या हातांनी उत्तरं देत. सुरुवातीला चाचरत, मग बऱ्यापैकी, आणि पुढे पुढे तर चक्क भांडत. तुफान खूष होती. ताई मात्र धास्तावलेल्याच होत्या, आणि त्याचं कारण पेन्सिल नव्हती. कारण होता तो यंदाचा खटला.

खटला असा: दोन शेजारी देश, मध्ये नदी, नदीवर पूल. करारात लिहिलेलं की आपत्तीच्या वेळी पूल दोन्हीकडच्या लोकांना खुला राहील. मग महापूर येतो. पलीकडची माणसं जीव मुठीत धरून अलीकडे धावत सुटतात, आणि अलीकडचा पहारेकरी फाटक लावून घेतो. माणसं पुलावर अडकतात, पूल कोसळतो. पलीकडचा देश दावा लावतो.

तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा तिने तो पालथा घालून ठेवला होता. असे पूल जगात पुष्कळ असतील, खटला रचणाऱ्या प्राध्यापकाला तिची काही माहिती असण्याचं कारण नव्हतं. पण तिचे वडील असल्याच एका पुलावर पहारेकरी होते. फाटक त्यांच्या हाताने लागलं होतं.

तेव्हा ती शाळेत नुकती जाऊ लागली होती. चौकशी झाली, वरच्या साहेबांनी सांगितलं की आम्ही आदेश दिलाच नव्हता, पहारेकरी घाबरला आणि मनानेच फाटक लावून बसला. सगळं प्रकरण एका माणसाच्या गळ्यात घालून मोठे लोक मोकळे झाले. वडिलांना घरी बसवलं. वर्गातली पोरं तिच्या तोंडावर दार लावून आतून ओरडत, "आदेश नाही!" शेवटी ते गाव सोडलं. इथे येऊन वडील लाकडाच्या वखारीत ओझी वाहू लागले. तेव्हापासून कुठलाही अर्ज भरताना तिने 'धंदा' विचारलं की एकच उत्तर येई: "मजूर लिही." पुलाचं नाव त्या घरात परत निघालं नाही. आणि तिने कधी विचारलंही नाही. विचारावं आणि साहेबांचंच म्हणणं खरं निघावं, ही भीती तिने एवढी वर्षं पोटात ठेवली होती. बापावर माया होती, विश्वास नव्हता. हे तिचं खरं दुखणं होतं.

परीक्षेला कोण कुठल्या देशाकडून बोलणार हे त्याच दिवशी सकाळी नाणं उडवून ठरतं, म्हणून दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. पलीकडच्या देशाची बाजू ताईंना पाठ होती. ती मांडताना त्यांचा आवाजही चढे. प्रतिवादीची, म्हणजे फाटक लावणाऱ्या देशाची बाजू आली, तर तुफानने वाटणी करून टाकली होती. पहिला मुद्दा तुफानचा: फाटक पहारेकऱ्याने स्वतःच्या मर्जीने लावलं, देशाचा त्यात हात नाही. दुसरा मुद्दा ताईंचा: आणि हात असलाच, तर वेळच तशी होती, पूल आणखी भार पेलणार नव्हता.

"पहिला मुद्दा लंगडा आहे गं," ताई एकदा म्हणाल्या होत्या.

"लंगडा का होईना, चालतो तोवर चालवायचा. तुम्ही तुमचा दुसरा सांभाळा. पहारेकऱ्याचं नावसुद्धा काढू नका."

ताईंना तेच हवं होतं.

नाणं पडलं ते नेमकं नको त्या बाजूने. प्रतिवादी.

सभागृह जुनं होतं. खिडक्या उंच, बाकं कुरकुरणारी, आणि माइक असा की खोकलं तरी दणका बसावा. न्यायासनावर तिघं जण होते. मधल्या अध्यक्षबाईंना विद्यार्थी आपापसांत कात्री म्हणत, कारण त्या कोणाचंही वाक्य पुरं होऊ देत नसत. वादीच्या जोडीतला एक मुलगा बोलून घाम पुसत बसला होता. तुफान कोटाच्या बाह्या सारख्या करून उठली. आणि नेमक्या त्याच वेळी मागचं दार उघडून दोन माणसं आत आली. एक तिचा नवरा, आणि त्याच्या दंडाला धरून, काठी टेकत, तिचे वडील.

नवऱ्याचा हेतू वाईट नव्हता. नातेवाइकांना बसायची परवानगी होती, बायकोला धीर यावा म्हणून सासऱ्यांना घेऊन आला बिचारा. खटला काय आहे हे त्याला कुठे ठाऊक! ते दोघं शेवटच्या बाकावर बसले. वडिलांनी काठी दोन गुडघ्यांत धरली आणि मान जरा तिरकी केली. दिसायला कमी झालं होतं, पण कान अजून तिखट होते.

तुफानने सुरुवात केली. "अध्यक्ष महोदया, त्या दिवशी फाटकावर एक घाबरलेला माणूस होता. त्याला कोणी आदेश दिला नव्हता. त्याने जे केलं ते भीतीपोटी, स्वतःच्या मर्जीने केलं. एका माणसाच्या भेकडपणासाठी अख्ख्या देशाला जबाबदार कसं धरणार?"

माइकमुळे शब्दन् शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. ताईंनी वळून बघितलं नाही. त्यांना बघवलंच नसतं. त्या खाली मान घालून टेबलाकडे बघत राहिल्या, आणि आपण वकील आहोत की स्टेनो, हे घटकाभर त्यांचं त्यांनाच कळेना. तुफान मस्त बोलत होती. कात्रीने दोनदा कापलं, दोन्ही वेळा ती सावरली. 'भेकड' हा शब्द ती आणखी एकदा बोलली, तेव्हा मागे काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला.

मग ताईंची पाळी आली.

त्या उभ्या राहिल्या आणि आता मात्र समोर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेवटच्या बाकावर वडील उठले होते. नवरा त्यांची बाही धरून काहीतरी कुजबुजत होता, पण म्हातारा ऐकेल तर शपथ. काठीने वाट चाचपत ते दाराकडे निघाले होते.

"आम्ही दुसरा मुद्दा मांडतो," ताईंनी घसा साफ केला. "करार पाळणं अशक्य व्हावं अशी वेळ..."

"थांबा," कात्री म्हणाली. "त्या वेळेकडे नंतर येऊ. तुमच्या सहकारी म्हणतात, फाटक पहारेकऱ्याने मनाने लावलं, दोष त्याचा. तुमचंही तेच म्हणणं आहे का? हो किंवा नाही."

ताईंचा उजवा हात हलला. पेन्सिल नव्हती, तर बोटच पुढच्या लाकडावर फिरू लागलं. तुमच्या सहकारी म्हणतात, फाटक पहारेकऱ्याने मनाने लावलं. छोटे छोटे वळसे, रेघा, टिंबं. गेल्या वर्षीची ती जीवघेणी शांतता परत आली. पुढच्या रांगेतून कोणीतरी हसू दाबलं.

"ताई," तुफान दातावर दात ठेवून पुटपुटली. "हो म्हणा. नुसतं हो म्हणा."

हो म्हणणं सोपं होतं. जोडीदाराच्या विरोधात बोलणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड. दोघींचे गुण जाणार, तुफानची स्पर्धा जाणार, कदाचित आपली पदवीही. आणि स्वतःची कहाणी तर इथे सांगताच येत नाही. खटल्याच्या कागदाबाहेरचं एक अक्षर काढलं, की उमेदवार बाद.

वडिलांचा हात दाराच्या कडीवर पोचला होता. त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघताना तिला पहिल्यांदाच उमगलं, की एवढी वर्षं आपण चुकीचा प्रश्न उराशी धरून बसलो. आदेश आला होता की नव्हता, घाबरले होते की नव्हते, हे आपल्याला ठाऊक नाही. पण या प्रश्नाच्या उत्तरासाठी ते ठाऊक असण्याची गरजच नाही. पुस्तकात ते धडधडीत लिहिलेलं होतं, तिने ते परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, आणि तरी स्वतःच्या बापाला ते कधी लावून बघितलं नव्हतं.

बोट थांबलं.

"नाही, अध्यक्ष महोदया," ती म्हणाली. माइकने तो शब्द दारापर्यंत नेला.

"नाही?"

"दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही. फाटक आमचं होतं. त्याचं कुलूप, किल्ली, त्या माणसाच्या अंगातला गणवेश, सगळं आम्ही दिलेलं. तो तिथे स्वतःच्या घरचं राखत उभा नव्हता, आमचं राखत होता. त्याने आदेश पाळला असेल, नाहीतर आदेशाची वाट न बघता केलं असेल. तो घाबरलाही असेल. ते आमचं आम्ही घरात बघू. पण या न्यायासनासमोर त्याला पुढे करून आम्हाला त्याच्या पाठीमागे लपता येणार नाही. फाटक आम्ही लावलं. देशाने लावलं."

तुफानने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे पहिला मुद्दा तुम्ही सोडलात," कात्री म्हणाली. "याचा परिणाम कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. सोडला."

"मग उरलं काय तुमच्या हातात?"

"का लावलं, ते सांगणं उरलं. त्यासाठीच उभी आहे."

आणि मग ती बोलली. पुलाचे खांब, वाढतं पाणी, आणखी माणसं चढली असती तर अलीकडचं टोकही गेलं असतं. कात्रीने तिला फाडून काढलं. फाटक लावलंत, मग दोर का टाकले नाहीत? होड्या का सोडल्या नाहीत? पलीकडे कळवलं का नाहीत? काही प्रश्नांना तिच्याकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं, आणि नव्हतं तिथे "याचं उत्तर आमच्याकडे नाही" असं ती सरळ सांगत गेली. बोट पुन्हा हललं नाही. मध्येच एकदा तिने वर बघितलं, तेव्हा वडील दाराशीच होते. कडी सोडून, भिंतीला टेकून, मान तिरकी करून उभे.

निकाल दुपारीच लागला. खटला वादीने जिंकला, त्यात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. ताई पास झाल्या, अगदी काठावर. सहकाऱ्याशी विसंगत युक्तिवाद केला म्हणून गुण कापले, अशी टीपही होती. तुफान उत्तम गुणांनी पास झाली, पण देशपातळीची संधी हुकली.

ताई तिच्यापाशी गेल्या. "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं. फार वाईट वाटतं गं."

"झालंच नुकसान," तुफान म्हणाली. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मी तुमच्या तोंडाचं कुलूप काढायला जीव काढला, आणि तुम्ही पहिला घाव माझ्यावरच घातलात." तिने बॅगेतून पेन्सिल काढली आणि टेबलावर आपटली. दोन पावलं गेली, मग वळून म्हणाली, "कायद्याने तुमचं बरोबर होतं. तेव्हाही मला ते माहीत होतं. त्याचाच जास्त राग येतोय." आणि निघून गेली. पुढे कित्येक दिवस ती ताईंशी बोलली नाही.

बसमध्ये तिघं एका बाकावर बसून घरी आले. नवऱ्याने एकदोनदा विनोद करून बघितला आणि नाद सोडला. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते नव्हतं. घरी आल्यावर तो चहा टाकायला आत गेला. वडील स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीत बसले. ती समोर बसली, अजून काळ्या कोटातच.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग वडील म्हणाले, "फोन आला होता."

तिने मान वर केली. "कोणाचा?"

"साहेबांचा. मी म्हटलं, माणसं येताहेत अजून. ते म्हणाले, लाव." म्हाताऱ्याने काठीची मूठ घट्ट धरली. "मी परत विचारलं. ते परत म्हणाले, लाव. मग लावलं."

"बाबा, मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

तिला रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही. वडिलांनी ते होऊ दिलं. मग म्हणाले, "चौकशीत बड्या बड्या लोकांचे जबाब झाले. माझा कोणी घेतलाच नाही. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, आणि संध्याकाळी सांगितलं, जा घरी." ते थांबले. "तू तर रोज लोकांचे जबाब लिहितेस. माझा घेशील?"

तिने डोळे पुसले, पर्समधून वही काढली, आणि तुफानने परत दिलेली पेन्सिल. कोर्टात जबाब ज्या ओळीने सुरू होतो तीच ओळ सवयीने लिहिली. नाव तिला ठाऊक होतं, ते लिहिलं. वय लिहिलं. पुढच्या शब्दाशी हात आपोआप 'मजूर'कडे निघाला होता, तो तिने आवरला. कोर्टात साक्षीदाराला विचारतात तसं, वर बघून विचारलं.

"धंदा?"

म्हातारा खुर्चीत ताठ बसला. काठी त्याने बाजूला ठेवली.

"पहारेकरी," तो म्हणाला.